स्वच्छतेची मुदत

धातूच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्यांच्या बोलण्यात 'स्वच्छ' हा शब्द दिवसातून अनेकदा येतो आणि तो बहुधा घड्याळाकडे पाहूनच उच्चारला जातो. इतर कामांत स्वच्छता ही वस्तूची अवस्था असते. भांडे घासले, पुसले, पालथे घातले की ते स्वच्छ झाले, आणि पुन्हा वापरेपर्यंत ते तसेच राहील असे गृहीत धरता येते. या क्षेत्रात मात्र स्वच्छ पृष्ठभाग म्हणजे ज्याच्या सर्वांत वरच्या थरात त्या धातूच्या अणूंखेरीज दुसरे काहीही नाही असा पृष्ठभाग, आणि तसा तो किती वेळ राहील हे त्याच्या भोवतीच्या वायूवर अवलंबून असते. म्हणून अनुभवी प्रयोगकर्ता स्फटिक स्वच्छ आहे की नाही हे विचारून थांबत नाही, तो केव्हा स्वच्छ केला हेही विचारतो.

या सवयीमागे एक साधे गणित आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि भिंतीवर, तारेवर, स्फटिकावर, जे आड येईल त्यावर आदळत असतात. दाब मोजण्याचे टॉर हे एकक घेतले, ज्यात साध्या हवेचा दाब ७६० भरतो, तर एका टॉरच्या दशलक्षाव्या भागाइतक्या दाबाला ठेवलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे रेणू अशा गतीने आदळतात, की आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण एका सेकंदात एका थराच्या जवळपास भरणा व्हावा. हवेत ऑक्सिजनचा वाटा सुमारे १६० टॉर असल्याने तेवढाच मारा तेथे काही अब्जांश सेकंदांत होतो. म्हणजे हवेत स्वच्छ धातू कोणीही कधी पाहिलेला नाही आणि पाहणेही शक्य नाही. उलट एका टॉरचे दहा अब्ज भाग करून त्यातला एकच भाग दाब शिल्लक ठेवला, तर हाच अवधी दहा हजार सेकंदांचा, म्हणजे पावणेतीन तासांचा होतो, आणि एवढ्या वेळात एखादे मोजमाप करता येते. एका सेकंदाच्या त्या माऱ्याला आयर्विंग लँगम्युअर यांच्या नावावरून 'लँगम्युअर' म्हणतात. विजेच्या दिव्यातील टंगस्टनच्या तारेवर उरल्यासुरल्या वायूंचे काय होते याचा त्यांनी अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत दीर्घ अभ्यास केला, आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२चे नोबेल त्यांना मिळाले. दिवा लवकर काळा पडू नये या व्यवहारी काळजीतून एवढे शास्त्र उभे राहिले, हे विसरले जाऊ नये.

पावणेतीन तास मिळवण्यासाठी आधी दोन-तीन दिवस घालवावे लागतात. पोलादी पात्र, ज्याला सगळे 'चेंबर' म्हणतात, एकदा उघडून बंद केले की त्याच्या आतल्या भिंतींवर हवेतील बाष्पाचा थर बसतो आणि नुसत्या पंपाने तो आठवडेच्या आठवडे सुटत नाही. म्हणून संपूर्ण चेंबर तापवण्याच्या पट्ट्यांनी वेढून, वरून स्वयंपाकघरात वापरतात तसल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलने गुंडाळून, दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास दिवस-दीड दिवस भाजला जातो. 'बेक' करणे हा शब्द सर्व प्रयोगशाळांत रूढ आहे, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिले काम मिळते ते बहुधा फॉइल गुंडाळण्याचेच. ज्या विषयाचे प्रशिक्षण घ्यायला तो आलेला असतो तो विषय त्याच्या हातातच असतो: त्या फॉइलच्या दोन्ही बाजूंवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा अवघा दोन-चार नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या दोन-चारपट, जाडीचा थर असतो आणि त्या थरामुळेच ती दीडशे अंशांनाही हवेत चकचकीत राहते. चेंबर थंड झाला, दाब खाली आला, की शेवटची मदत टिटॅनियमच्या पंपाची घेतात. या पंपात हलणारा भाग एकही नसतो. तारेतून वीज सोडून टिटॅनियमची वाफ केली जाते, ती भिंतीवर ताजा, स्वच्छ थर म्हणून बसते, आणि तो थर आजूबाजूचा ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड गिळून टाकतो. स्फटिकावर जी घटना टाळण्यासाठी एवढा खटाटोप, तीच घटना दोन हात अंतरावरच्या भिंतीवर मुद्दाम घडवून आणायची, अशी ही व्यवस्था आहे.

चेंबर तयार झाला म्हणजे स्फटिक तयार झाला असे होत नाही. निकेलचे उदाहरण येथे सोयीचे आहे, कारण ऑक्सिजनशी त्याचे वागणे फार बारकाईने तपासले गेले आहे. एकस्फटिकाची, म्हणजे ज्यात सर्व अणू एकाच रचनेत ओळीने बसलेले आहेत अशा तुकड्याची, नाण्याहून लहान चकती ठरावीक दिशेने कापून, हिऱ्याच्या भुकटीने आरशासारखी घासून चेंबरमध्ये बसवतात. डोळ्यांना ती निर्मळ दिसते. ऑजे वर्णपट मात्र वेगळे सांगतो. या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचा झोत पृष्ठभागावर टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ऊर्जा ठरलेल्या असल्याने वरच्या काही थरांत कोण बसले आहे ते कळते. सुमारे १५० इलेक्ट्रॉन-व्होल्टला गंधक, २७०ला कार्बन आणि ५००च्या थोडे वर ऑक्सिजन, अशी शिखरे पहिल्या दिवशी दिसतात आणि निकेल त्यांच्याखाली दबलेले असते. मग आर्गॉन वायूच्या आयनांना पाचशे ते हजार व्होल्टने वेग देऊन स्फटिकावर आदळवून वरचे थर अक्षरशः खरवडून काढले जातात, आणि त्या माऱ्याने विस्कटलेले अणू पुन्हा जागेवर बसावेत म्हणून स्फटिक सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवला जातो. तापवताच गंधक पुन्हा वर येतो. तो बाहेरून येत नाही. स्फटिकाच्या पोटात दशलक्षात काही अणू एवढ्या किरकोळ प्रमाणात दडलेला गंधक उष्णतेने पृष्ठभागाकडे सरकतो आणि तेथेच स्थिरावतो. पुन्हा खरवडणे, पुन्हा तापवणे. हे चक्र नव्या स्फटिकावर आठवडाभर, कधी महिनाभर चालते, आणि या काळात वहीत तारीख, तापमान आणि 'गंधक अजून आहे' याखेरीज नोंद करण्यासारखे काही नसते.

कार्बन काढण्याची रीत अधिक विचार करायला लावणारी आहे. त्यासाठी गरम स्फटिकावर थोडा ऑक्सिजन सोडतात. तो कार्बनशी जुळून मोनॉक्साइड बनून निघून जातो. म्हणजे ऑक्सिजनपासून वाचवायच्या पृष्ठभागाची सफाई ऑक्सिजनच करतो, आणि किती सोडायचा हे हाताच्या सवयीने ठरते: कमी पडला तर कार्बन उरतो, जास्त झाला तर ऑक्साइड उरतो. याहून जुने आणि अधिक लोकांना परिचित असे याच प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातल्या गल्ल्यांमध्ये कल्हईवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या दिले आहे. तांब्या-पितळेचे भांडे भट्टीवर लालसर तापले की त्यावर ऑक्साइडचा काळपट थर येतो आणि त्या थरावर कथील धरत नाही. म्हणून नवसागराची पूड टाकली जाते, पांढरा धूर उठतो, नवसागरातून सुटलेले हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडला खाऊन टाकते, आणि उघड्या पडलेल्या धातूवर कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले जाते. धूर आणि बोळा यांच्यामधला क्षण चुकला तर कल्हई धरत नाही. अत्युच्च निर्वाताची भाषा त्या कारागिराजवळ नसेल, पण स्वच्छ धातूची मुदत किती असते हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

स्फटिक खरोखर स्वच्छ झाल्यावर जे दिसते त्यासाठी एवढी वाट पाहणे योग्य होते असे बहुतेकांना वाटते. मंद इलेक्ट्रॉनांचा झोत समोरून टाकला की स्फटिकावरून परतणारे इलेक्ट्रॉन चमकणाऱ्या पडद्यावर ठिपक्यांची चौकोनी जाळी काढतात. ठिपके जितके रेखीव, तितके वरच्या थरातले अणू शिस्तीत. आता अगदी बारीक झडप उघडून ऑक्सिजन आत सोडला जातो. एका लँगम्युअरच्या आसपास पोहोचेपर्यंत जुन्या ठिपक्यांच्या अधेमध्ये नवे, पुसट ठिपके उगवू लागतात. त्यांचा अर्थ असा, की ऑक्सिजनचे अणू वाटेल तेथे न बसता प्रत्येक चार निकेल अणूंमागे एक अशा दुप्पट अंतराच्या जाळीत बसले आहेत. आणखी ऑक्सिजन दिला की काही ठिपके मावळतात आणि चौकोनांच्या मध्यावरचे ठळक होतात. आता प्रमाण दोन निकेलमागे एक ऑक्सिजन असे झालेले असते. अंधाऱ्या खोलीत, पडद्याला नाक लावून, एक आकृती विरत जाऊन दुसरी उमटताना पाहणे हा या कामातला दुर्मीळ सुखाचा भाग आहे, आणि आकडे संगणकावर आपोआप साठवले जाऊ लागल्यापासून तो भाग कमी झाला आहे ही तक्रार जुनी मंडळी करतात ती खोटी नाही.

या टप्प्यापर्यंत ऑक्साइड तयार झालेले नाही, आणि हा भेद समजायला नवशिक्याला वेळ लागतो. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणूंचा बंध बळकट असतो, पण धातूजवळ येताच धातूतले इलेक्ट्रॉन रेणूकडे सरकतात, बंध सैल होतो, तुटतो, आणि सुटे झालेले अणू निकेलच्या चार अणूंमधल्या खळगीत जाऊन बसतात. याला अधिशोषण म्हणतात: पाहुणा ओसरीवर बसला आहे, घर अजून निकेलचेच आहे. ऑक्साइड व्हायचे तर निकेलच्या अणूंनी आपल्या जागा सोडाव्या लागतात, ऑक्सिजनला खाली उतरावे लागते, आणि दोघांची मिळून नवी जाळी रचावी लागते. निकेलच्या जाळीची बाजू ०.३५२ नॅनोमीटर, तर निकेल ऑक्साइडची ०.४१७; जवळजवळ १८ टक्क्यांचा हा फरक असल्याने नवी रचना जुनीवर सहज बसत नाही. म्हणूनच पृष्ठभागावरचा ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचा आलेख काढला तर तो आधी झपाट्याने चढतो, मग जवळपास आडवा होतो, आणि झडप उघडीच ठेवून धीर धरला तर काही वेळाने पुन्हा चढू लागतो.

हा दुसरा चढ पाहिल्यावर पहिली शंका बहुधा उपकरणावर जाते. दाब बदलला असेल, गेज बिघडले असेल, झोत सरकला असेल, असे सगळे तपासून झाल्यावर, आणि प्रयोग पुन्हा केल्यावरही तोच चढ आल्यावर, तो निकेलचाच स्वभाव आहे हे मान्य करावे लागते. पॉल हॉलोवे आणि जॉन हडसन यांनी १९७४मध्ये याचे जे स्पष्टीकरण मांडले ते आजही पायाभूत मानले जाते. आडव्या भागात अधिशोषित थर पूर्ण झालेला असतो आणि नव्या रेणूला बसायला जागा उरलेली नसते. मग एखाद्या पायरीपाशी किंवा दोषापाशी ऑक्साइडचे इवलेसे बेट धरते. बेटाच्या काठावर अणूंना जागा बदलणे सोपे जाते, त्यामुळे येणारा ऑक्सिजन तेथे पकडला जातो. बेट वाढले की काठ वाढतो, आणि काठ वाढला की वाढीचा वेगही वाढतो. शेवटी बेटे एकमेकांना भिडतात, काठच नाहीसा होतो, आणि आलेख दुसऱ्यांदा आडवा पडतो. नेहमीच्या तापमानाला त्या वेळी ऑक्साइडची जाडी अवघी दोन-तीन अणुथर असते आणि ती पुढे फारशी वाढत नाही. डबक्यावर शेवाळ धरते त्याच्याशी या वाढीचे साम्य काहींना दिसते, पण शेवाळ जाड होत जाते आणि हे थांबते, आणि प्रश्न या थांबण्याचाच आहे.

धातू ऑक्सिजनला एवढा हपापलेला असताना ऑक्साइड दोन-चार नॅनोमीटरांवर थांबते का, याचे उत्तर ब्रिस्टल विद्यापीठात निकोलास काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी दिले आणि १९४९मध्ये ते सविस्तर प्रसिद्ध झाले. ऑक्साइडचा थर खूप पातळ असेल तर धातूतले इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्याच्या पलीकडे पोहोचण्याच्या या पुंजयांत्रिक गुणाला बोगदा परिणाम म्हणतात. वर बसलेला ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन घेऊन ऋणभारित होतो, खाली धातू धनभारित राहतो, आणि दोघांमध्ये साधारण एका व्होल्टचा फरक निर्माण होतो. एक व्होल्ट म्हणजे घड्याळातल्या बारीक सेलहूनही कमी. पण तो एका नॅनोमीटरवर पसरलेला असल्याने विद्युतक्षेत्र दर मीटरला शंभर कोटी व्होल्ट इतके प्रचंड होते, तर हवेत ठिणगी पडायला त्याच्या तीनशेव्या भागाइतके क्षेत्रही पुरते. हे क्षेत्र धातूच्या धन आयनांना ऑक्साइडमधून वर ओढून घेते आणि थर वाढतो. थर वाढला की तोच व्होल्ट अधिक जाडीवर पसरतो, क्षेत्र उतरते, ओढ ढिली पडते, आणि वेग इतक्या झपाट्याने घटतो की पुढचा नॅनोमीटर वाढायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात मावत नाही. सातशे-आठशे अंशांना ही गोष्ट बदलते. तेथे आयन केवळ उष्णतेच्या बळावर सरकतात आणि कार्ल वॅग्नर यांनी १९३३मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे जाड पापुद्रे वाढत जातात, पण तो भट्ट्यांचा आणि बॉयलरचा विषय आहे.

या सिद्धांताचा एक भाग कामाच्या टेबलावर रोज आठवतो. गंज बाहेरून आत शिरतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात अनेक धातूंच्या पातळ ऑक्साइडमध्ये धातूच बाहेर पडून ऑक्सिजनला भेटायला जातो आणि थर बाहेरच्या बाजूला वाढतो.

निकेलच्या ऑक्साइडने एकदा भौतिकशास्त्राची दिशा बदलली, हेही येथे नमूद करणे योग्य ठरेल. १९२५मध्ये न्यूयॉर्क येथे क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलवरून इलेक्ट्रॉन कसे परततात हे मोजत असताना द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली, आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढले. ते काढण्यासाठी त्यांनी निकेल हायड्रोजनमध्ये आणि निर्वातात दीर्घकाळ तापवले. प्रयोग पुन्हा सुरू झाला तेव्हा आकडे पूर्वीसारखे येईनात. नळी फोडून पाहिल्यावर कळले, की तापवण्याने बारीक कणांचे निकेल मोठ्या स्फटिकांत बदलले होते. मग त्यांनी मुद्दाम एकस्फटिक घेतला आणि १९२७मध्ये इलेक्ट्रॉनांचे विवर्तन, म्हणजे लाटांप्रमाणे ठरावीक दिशांना एकवटणे, सिद्ध केले. डेव्हिसन यांना त्यासाठी १९३७मध्ये जी. पी. थॉमसन यांच्यासह नोबेल मिळाले. पडद्यावर ठिपके पाहण्याची आजची पद्धत त्याच प्रयोगाची वंशज आहे आणि १९६०च्या सुमारास तिला पुन्हा चालना देणाऱ्यांत जर्मर स्वतः होते. अपघाताचे भाग्य या कथेत नेहमी सांगितले जाते. त्यापेक्षा ऑक्साइड लागलेला तुकडा फेकून न देता तो साफ करण्याचा त्यांचा चिकटपणा अधिक लक्षात ठेवावा असे वाटते.

आकड्यांविषयी या क्षेत्रात एक मुरलेला सावधपणा असतो. लँगम्युअरमध्ये सांगितलेली मात्रा दिसायला नेमकी असते, पण दाब मोजणारे गेज चेंबरच्या एका कोपऱ्यात आणि स्फटिक मध्यावर असतो, मध्ये पंप ओढत असतो, आणि नळीचे तोंड स्फटिकाकडे असेल तर तेथला मारा गेजच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. गेजची तापलेली तार स्वतःच ऑक्सिजनशी झुंजते आणि तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो, म्हणून झडप बंद केल्यावर वस्तुमान-वर्णपटात ऑक्सिजनच्या ३२च्या शेजारी मोनॉक्साइडचे २८चे शिखर वाढलेले दिसते. त्यातच तपासणारा इलेक्ट्रॉन झोत जेथे पडतो तेथे ऑक्साइड इतर जागांपेक्षा वेगळ्या गतीने वाढू शकते. पाहण्याने पाहिलेली वस्तू बदलते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे वक्र आकाराने जुळले आणि मात्रेत दुपटीने चुकले, तर जाणकार आकारावर विश्वास ठेवतो. जो शोधनिबंध मात्रा दोन दशांश स्थळांपर्यंत देतो आणि गेज कोठे होते ते सांगत नाही, तो वाचताना पेन्सिल हातात घेतलेली बरी.

पातळ ऑक्साइड मुद्दाम वाढवण्यालाही मोठे मोल आहे. उत्प्रेरकांमध्ये, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया जलद करणाऱ्या पदार्थांमध्ये, धातूचे बारीक कण बहुधा ऑक्साइडच्या आधारावर बसवलेले असतात; पण ऑक्साइडचा जाड तुकडा विद्युतरोधक असल्याने त्यावर इलेक्ट्रॉन टाकले की भार साचतो आणि मोजमाप बिघडते. निकेल-अॅल्युमिनियम मिश्रधातूचा एकस्फटिक ऑक्सिजनमध्ये ठेवून मग तापवला, तर त्यावर फक्त अर्धा नॅनोमीटर जाडीचा, पण उत्तम रचनेचा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पडदा तयार होतो आणि भार खालच्या धातूत निघून जातो. या पडद्यातल्या अणूंची नेमकी मांडणी उलगडायला २००५ साल उजाडले.

एवढ्या सूक्ष्म गोष्टींचे भवितव्य पुष्कळदा अगदी स्थूल कारणांवर ठरते. रात्री वीज गेली, जनित्र वेळेवर सुरू झाले नाही, पंप थांबला आणि झडप उघडी राहिली, तर सकाळी आठवड्याच्या मेहनतीवर बाष्प बसलेले असते आणि फॉइलची गुंडाळी पुन्हा कपाटातून काढावी लागते. अशा सकाळी कोणी फार बोलत नाही. चहा होतो, कोणीतरी पट्ट्या लावायला घेतो. आणि सारे सुरळीत असले तरी स्फटिकालाही वय असते. शेकडो वेळा खरवडून आणि तापवून त्याच्या कडा झिजतात, धरून ठेवणाऱ्या तारांचे डाग पसरतात, ठिपके अंधूक होतात, आणि एके दिवशी चेंबर उघडून त्याला बाहेर काढले जाते. फ्लँज, म्हणजे चेंबरची जोडकडा, सुटताच आत शिरणाऱ्या हवेत त्याचा स्वच्छपणा क्षणार्धात संपतो आणि अणूंचे थर जागा बदलू लागतात. चिमट्यात धरून दिव्याखाली पाहिले तर मात्र फरक काहीच दिसत नाही, कारण नॅनोमीटरभर ऑक्साइड डोळ्यांना पारदर्शक असते. चकती आरशासारखी लखलखत असते, आणि तशीच ती प्लास्टिकच्या डबीत घालून, वर कापल्याची दिशा आणि साल लिहून, खणात ठेवली जाते.